फरशीखालचा हिवाळा

कमलिनी खराडे दोह्यात नोकरीला आली त्याच आठवड्यात ऑफिसात तिच्या शिक्षणावरून पहिला विनोद झाला, आणि मग तो काही थांबलाच नाही. विनोद करणाऱ्यांचंही फारसं चुकत नव्हतं. इस्लामपूरच्या या मुलीनं एम.टेक.ला विषय घेतला होता गोठणारी माती. त्यासाठी दोन हिवाळे लडाखमध्ये काढले होते. रस्त्याखालची भुसभुशीत माती थंडीत फुगून वर कशी येते, ऊन पडलं की तिचाच चिखल कसा होतो, आणि असल्या कच्च्या जमिनीला बांधकाम पेलायला लावायचं तर तिच्यात काय कालवायचं, हाच तिचा ध्यास. आणि नोकरी लागली ती कतारमध्ये, जिथे जुलैत थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो.

"आपल्याकडे बर्फाच्या एक्स्पर्ट आल्यात," कुणीतरी म्हणालं. "एसी बिघडला की यांनाच बोलवायचं."

तेव्हापासून ती 'बर्फवाल्या मॅडम'. कमलिनी हसण्यावारी न्यायची. माती आणि काँक्रीट तपासणारी कंपनी होती ती. दिवसभर काँक्रीटचे ठोकळे मशीनखाली फोडायचे, भरावाची वाळू किती दबली ते मोजायचं, रिपोर्टावर सही करायची, आणि संध्याकाळी बसनं नजमा वस्तीतल्या खोलीवर परतायचं. कामात खोट काढायला जागा नव्हती, पण जीवही रमत नव्हता. काँट्रॅक्टचं शेवटचं वर्ष सुरू होतं आणि पुढचं करायचं की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

अशात ऑगस्टमध्ये एका सकाळी तिचे साहेब, गजेंद्र वानखडे, टेबलाशी येऊन उभे राहिले. गजेंद्र अमरावतीचे. माणूस मनानं चांगला, पण चौकटीबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

"चल कमलिनी, एका कोल्ड स्टोअरेजला जायचंय. फरशीचं काँक्रीट खराब झालंय म्हणतात. चार ठिकाणी कोअर काढू, रिपोर्ट देऊ, खलास."

कोल्ड स्टोअरेज दोह्याच्या दक्षिणेला होतं, बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्त्या मागे टाकल्या की लागणाऱ्या गोदामांच्या पट्ट्यात. कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढायचं ड्रिल मशीन घेऊन बालाजी पिकअपमधून मागोमाग आला. बालाजी नांदेडकडचा, मुखेड तालुक्यातला. ड्रिलिंग आणि ग्राउटिंगच्या टोळीचा तो फोरमन होता. ग्राउट म्हणजे सिमेंटचं पातळ पीठ, ते नळीनं दाब देऊन जमिनीत भरायचं. या कामात बालाजीचा हात बसलेला होता आणि बोलण्यात तो कुणाची भीड ठेवत नसे.

दारातच फुजैल परकार उभे होते. खेड तालुक्यातून तरुणपणी आलेले, आता पांढरी दाढी राखलेले. हे कोल्ड स्टोअरेज उभं राहिलं तेव्हापासून तेच ते सांभाळत होते. त्यांनी सगळ्यांना जाड जाकिटं दिली आणि म्हणाले, "आत चला. तोंडानं सांगून पटायचं नाही."

बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं, आत उणे पंचवीस. कमलिनीचा चष्मा क्षणात पांढरा झाला. तो पुसून तिनं पाहिलं तर समोर छतापर्यंत गेलेले रॅक, त्यांच्यावर चिकन आणि मासळीची खोकी, आणि मधल्या गल्लीत फरशी चक्क वर आलेली. भिंतींपाशी सपाट, मध्यावर फुगीर. दोन्ही बाजूंचे रॅक एकमेकांकडे पाठ करून बाहेर कलले होते.

"उंटाची पाठ झालीय नुसती," फुजैल म्हणाले. "गेल्या महिन्यात वरचं एक पॅलेट खाली आलं. नशीब, खाली कुणी नव्हतं. तेव्हापासून मधल्या गल्ल्या बंद. मालकांनी एक सल्लागार आणला, तो म्हणतो काँक्रीट सडलं, सगळं तोडा."

कमलिनी गुडघ्यावर बसली. हातमोजा काढून तिनं भेगेवरून बोट फिरवलं. भेगा मधून निघून भिंतींकडे पसरल्या होत्या, खालून कुणी मुठीनं ढकलल्यासारख्या. काँक्रीट सडलं तर ते खचतं, भुगा होतं. ते असं छाती काढून वर येत नाही. हे चित्र तिनं पूर्वी पाहिलं होतं. फरशीवर नव्हे, लेहच्या पुढच्या एका रस्त्यावर, जानेवारीत.

तिनं मान वर केली.

"परकारसाहेब, या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत का?"

फुजैल हसले. "फ्रीझरला हीटर? मॅडम, आम्ही गोठवायचं दुकान चालवतो." मग हसता हसता थांबले. "एक मिनिट. मशीनरूममध्ये एक छोटा पंप होता खरा. जुन्या काँट्रॅक्टरच्या काळात त्याची नळी गळायला लागली म्हणून व्हॉल्व्ह बंद केला. पुढे तो कुणाला आठवलाच नाही."

"किती वर्षं झाली?"

"झाली असतील सात-आठ."

कमलिनी उठली. "सर, काँक्रीटचा दोष नाही. खाली बर्फ झालाय. माती गोठून फुगलीय आणि फरशी उचलतेय."

गजेंद्रनी आधी फुजैलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कमलिनी, आपण कतारमध्ये आहोत."

"बाहेरचं ऊन या फरशीखाली पोचतच नाही, सर. वर वर्षानुवर्षं उणे पंचवीस आहे. ती थंडी हळूहळू खाली उतरत गेली. आणि ही जमीन सबखा आहे, खारट आणि पाणथळ. हातभर खणलं की पाणी लागतं. गोठणाऱ्या मातीला खालून पाणी मिळत राहिलं की ती ते शोषत राहते, थरावर थर. लडाखमध्ये हेच होतं."

"लडाखमध्ये होतं, बरोबर आहे. पण आपल्याला ऑर्डर फक्त काँक्रीटच्या कोअरची आहे. खाली मातीत जायची परवानगी कुठाय?"

कमलिनी सरळ फुजैलकडे वळली. "तुम्ही द्याल परवानगी?"

फुजैलनी त्या फुगलेल्या गल्लीकडे एकदा पाहिलं. "खणा. आता आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

बालाजीनं मशीन लावलं. वरचं काँक्रीट गेलं, थंडी अडवणारा थर्माकोलसारखा थर गेला, खालचं काँक्रीट गेलं. मग मशीनचा आवाज बदलला. मातीत शिरल्यावर यायला हवा तसा भरभर आवाज नव्हता. कडक, किरकिरणारा आवाज होता.

"म्याडम, हे कायतरी येगळंच लागायलंय," बालाजी ओरडला.

त्यानं नळी वर काढून आडवी धरली, हलकेच ठोकली, आणि ट्रेमध्ये हातभर लांबीचा एक दांडा घसरत आला. राखाडी माती, तिच्यात बोटाच्या जाडीचा काचेसारखा पट्टा, पुन्हा माती, पुन्हा पट्टा. खालपर्यंत तसंच.

कमलिनीनं ट्रे उचलला आणि ती तशीच बाहेर धक्क्यावर गेली, जिथे ट्रकमधून माल उतरत होता. उन्हात तो दांडा असा काही चमकला की ड्रायव्हर, हमाल, फोर्कलिफ्टवाले सगळे भोवती जमले. जमिनीतून बर्फ निघाला, ही गोष्ट चार भाषांत तिथल्या तिथे पसरली. पेशावरकडच्या एका ड्रायव्हरनं त्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बालाजीनं एक कपचा उचलून सरळ जिभेवर ठेवला.

"आगं आय! म्याडम, हे तर गोडं हाय. जमीन इतकी खारट, आन् ह्याच्यात मीठच न्हाई!"

"पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं," कमलिनी म्हणाली. हसू तिच्या तोंडावर मावत नव्हतं. "ते मीठ खाली जाऊन बसलंय."

फुजैल त्या ट्रेवर वाकले. पट्टे वितळून मातीचे ओघळ ट्रेच्या कडेला जमत होते. "म्हणजे इतकी वर्षं मी वर मासळी गोठवत होतो," ते म्हणाले, "आणि खाली जमीन."

रोग कळला, पण औषध सोपं नव्हतं. मालकांच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच आला, की मग थंड करणारी मशीनं बंद करा, बर्फ वितळेल, फरशी खाली बसेल. त्यात काय मोठंसं?

कमलिनीला उभं राहून सांगावं लागलं. "बर्फ वितळला की खाली घट्ट माती उरणार नाही. आंबील उरेल. एवढे रॅक, एवढा माल, आणि खाली आंबील. फरशी एका जागी खचेल, दुसऱ्या जागी उभी राहील, आणि हॉल मधोमध फाटेल. बर्फ वितळवायचाच आहे, पण भिंतींकडून मध्याकडे, सावकाश. सुटलेलं पाणी लगोलग उपसायचं. मग मोकळी झालेली माती खालून ग्राउटनं बांधून घ्यायची. आणि पुन्हा बर्फ होऊ नये म्हणून नव्या नळ्या टाकायच्या. त्यांना वेगळी वीजही नको. तुमची मशीनं जी उष्णता बाहेर फेकतात, तीच फरशीखाली फिरवायची."

मालक शांतपणे ऐकत होते. त्यांनी गजेंद्रना इंग्रजीत विचारलं, तुमची कंपनी याची जबाबदारी घेते का?

गजेंद्रनी विचार करायला वेळ मागितला. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी एसीचा आवाज कमी केला. "खरं सांग. हे तू लडाखला केलंय?"

"रस्त्यावर केलंय, सर. असं बंद इमारतीखाली कधीच नाही."

"आणि खात्री?"

"बर्फाची आहे. मातीची अजून नाही. आधी ती लॅबमध्ये तपासते, मग सांगते."

लॅबमध्ये दुसरीच अडचण. माती गोठवून तपासायला यंत्र लागतं, आणि कतारमधल्या लॅबमध्ये ते कोण कशाला ठेवील? फुजैलनी आइस्क्रीमचा एक जुना डीप फ्रीझर पाठवून दिला, काचेच्या झाकणाचा, बाजूला आंब्याच्या कुल्फीचं चित्र असलेला. कमलिनीनं सबखाच्या मातीत वेगवेगळं मिश्रण कालवून हाताएवढ्या कांड्या पाडल्या आणि त्यात ठेवल्या. रात्रभर गोठवायच्या, दिवसा बाहेर काढून वितळू द्यायच्या, पुन्हा गोठवायच्या.

"मॅडम मातीची कुल्फी करतायत," ऑफिसात नवा विनोद सुरू झाला.

साध्या सिमेंटच्या कांड्या आधी बऱ्या वाटल्या. मग जमिनीतल्या क्षारांनी त्यांना आतून पोखरलं, आणि एके दिवशी ती एक कांडी उचलायला गेली तर ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात विरघळली. चुनकळीचं तेच झालं. मग तिनं लोखंडाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, दळून घेतली आणि ती जास्त, सिमेंट कमी असं मिश्रण करून पाहिलं. त्या कांड्या आधी दिसायला काहीच विशेष नव्हत्या, उलट सावकाश घट्ट होत होत्या. पण फ्रीझरमधून कितीही वेळा आत-बाहेर झाल्या तरी त्यांची कड झिजेना. शेवटी तिनं एक कांडी दाब देणाऱ्या मशीनखाली ठेवली. काटा चढत गेला. चढतच गेला. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून पाहायला आला, मग आणखी दोघं आले. कांडी फुटली तेव्हा मशीनचा असा आवाज झाला की गजेंद्र केबिनमधून बाहेर आले.

त्यांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. "हे त्याच मातीचं?"

"त्याच मातीचं, सर."

गजेंद्रनी पेन काढलं. "आण ते जबाबदारीचे कागद. चुकलं तर दोघं एकाच विमानात बसू, आणखी काय!"

त्या दिवसानंतर विनोद कुणी केला नाही.

ऑक्टोबरमध्ये हवा थोडी उतरल्यावर काम सुरू झालं. फुजैलनी माल दुसऱ्या गोदामांत हलवला, रॅक सोडवले, मशीनं बंद केली, आणि जाकीट घालून ज्या हॉलमध्ये फिरायचं त्यात लोक शर्टाच्या बाह्या सारून फिरू लागले. एकच अट त्यांनी घातली. "रमजानच्या आधी हॉल मला भरलेला पाहिजे, बाय. रमजानात या शहराचं अर्धं चिकन इथून जातं." मॅडमची बाय कधी झाली हे दोघांनाही कळलं नव्हतं.

बालाजीच्या टोळीनं फरशीत ठरल्या ठिकाणी भोकं पाडून गरम पाण्याच्या नळ्या सोडल्या. इमारतीच्या चारी बाजूंना खोल खड्डे घेऊन त्यात पंप बसवले. गरम पाणी फिरायला लागलं, आणि आठवड्याभरात तीन बाजूंच्या पंपांतून गढूळ थंड पाणी येऊ लागलं. फरशीची उंची रोज मोजली जात होती. ती कुठे केसाएवढी, कुठे बोटाएवढी, पण सगळीकडे संथपणे खाली उतरत होती. बालाजी रोज सकाळी मोजणीवाल्याकडून आकडे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बसायलंय बगा, शाण्यासारखं बसायलंय."

मग डिसेंबरात एक कोपरा बसेनासा झाला. तो खचायलाच लागला.

सकाळी कमलिनी हॉलमध्ये शिरली तर ईशान्येच्या कोपऱ्यात भेग पडली होती, बोट जाईल एवढी. आदल्या दिवशी नव्हती. तिनं मोजणीचा आकडा पाहिला. एका दिवसात तो कोपरा बाकीच्या हॉलच्या महिन्याभराइतका उतरला होता. वरची पत्र्याची भिंतही किंचित वाकली होती.

फुजैल धावत आले. भेग पाहून त्यांचा चेहरा उतरला. "बस झालं, बाय. मी मशीन चालू करतो. पुन्हा गोठवून टाकतो. वाकडा का होईना, उभा तरी राहील!"

"नका करू. सुटलेलं पाणी आता आहे तिथेच गोठेल, आणि खालून आणखी ओढेल. पुढच्या वेळी दुप्पट फुगेल."

"आणि आत्ता पडलं तर?"

तिनं दुपारपर्यंत वेळ मागितला. फुजैलनी नाराजीनं मान हलवली आणि तिच्यासमोरच गजेंद्रना फोन लावला. कमलिनी वॉशरूममध्ये गेली, नळाखाली हात धरून उभी राहिली. आरशात न बघता तिनं स्वतःला एकच प्रश्न विचारला. वितळलेलं पाणी गेलं कुठे?

आणि विचारता विचारताच उत्तराचं टोक हाती लागलं. तीन बाजूंचे पंप पाणी देत होते. त्या कोपऱ्याच्या बाजूचा चौथा मात्र पहिल्या दिवसापासून जवळजवळ कोरडा होता. तिला वाटलं होतं की तिकडे बर्फ कमी असेल. बर्फ कमी नव्हता. पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. ते खालीच साचत होतं, आणि माती त्यात पोहत होती.

ती बाहेर आली तर गजेंद्र पोचले होते. फुजैल त्यांना म्हणत होते, "तुम्ही साहेब आहात, तुम्ही सांगा तिला."

"मी काय सांगू?" गजेंद्र म्हणाले. कपाळावर घाम होता, पण आवाज ठाम होता. "खालची माती तिला कळते, मला नाही. ती म्हणेल ते करा."

कमलिनीनं ते ऐकलं आणि तिचा श्वास जागेवर आला. "परकारसाहेब, हा कोपरा पहिल्यापासून असाच आहे? की नंतर वाढवलाय?"

फुजैलनी डोळे बारीक केले. "वाढवलाय. पहिली भिंत इथे होती, या खांबांच्या रेषेत. पुढचा भाग मागाहून जोडला."

"जुन्या भिंतीचा पाया काढला होता?"

"वरची भिंत पाडली. पाया कोण काढतंय? तो खालीच असेल."

"तोच बांध झालाय. त्याच्या मागे तळं साचलंय. बालाजीभाऊ, बाहेरच्या खड्ड्यातून आडवं ड्रिल मारता येईल? पायाच्या आरपार?"

बालाजी खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसून खाली पाहत होता. "मारता येतंय. खड्डा आजून खोल करावा लागंल, पण. आन् बाजू आधाराला धरून घ्यावी लागंल, न्हाईतर आमीच आत ऱ्हाऊ."

"धरून घ्या. घाई नको."

"घाई तर हायच की म्याडम," बालाजी हसला आणि मागे वळून टोळीवर ओरडला, "यल्ला! फळ्या आना!"

खड्डा खोल करून, लोखंडी पत्र्यांनी बाजू धरून, मशीन आडवं बसवेपर्यंत ऊन कलायला आलं. बालाजी स्वतः खाली उतरला. ड्रिल काँक्रीटमध्ये शिरलं. वर कमलिनी, गजेंद्र, फुजैल आणि निम्मं गोदाम कडेला उभं. फुजैलच्या हातातली तसबीहची माळ फिरत होती.

"पाठीमागं पानी हाय!" खालून बालाजीचा आवाज आला. "मशीनला कळायलंय!"

पुढच्याच क्षणी ड्रिल आरपार गेलं. बालाजीनं ते मागे ओढलं आणि भोकातून हाताएवढ्या जाड धारेनं करडं पाणी उसळून थेट त्याच्या छातीवर बसलं.

"आयायायाय! मेलो! बर्फ हाय बर्फ!"

वर एकच हशा आणि टाळ्या. बालाजी ओला चिंब होऊन शिडीवरून वर आला, तोंडावर चिखल, दात वाजतायत, आणि दोन्ही हात वर करून नाचतोय. फुजैलनी आपलं फ्रीझरचं जाकीट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. डिसेंबरातली ती संध्याकाळ तशी उबदारच होती, पण त्याला ते जाकीट हवंच होतं. पंप सुरू झाला आणि पाणी येत राहिलं, तासामागून तास, जणू खाली कुणी एक अख्खा ओढा दडवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्यानं आकडा वाचला, मग स्वतःवर विश्वास न बसून दुर्बीण पुन्हा लावली. कोपरा थांबला होता.

ग्राउटिंग हे बालाजीचं खास काम. कमलिनीच्या मिश्रणाचं पीठ मोठ्या टाकीत घुसळलं जायचं आणि नळीनं एकेका भोकातून खाली उतरायचं. दाब किती ठेवायचा यावरून दोघांची रोज बाचाबाची व्हायची. ती म्हणायची कमी, तो म्हणायचा वाढवा. एकदा तिचं खरं निघायचं, एकदा त्याचं. कोपऱ्यापाशी मात्र दोघांचंही मत एक झालं, की इथे सावकाश जायचं, भोकं जास्त घ्यायची आणि ग्राउटच्या दाबानं फरशी हळूहळू वर उचलायची. मोजणीवाला दुर्बिणीला डोळा लावून ओरडायचा, "और थोडा... और थोडा... बस!" त्या 'बस'वर पंपाच्या बटणावर हात पडायचा. अख्खी फरशी तरंगत्या नावेसारखी जागेवर येत होती, आणि जमिनीवर उभं राहून कमलिनीला पायांना ते जाणवत होतं. तसं काही जाणवणं शक्य नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. तरी जाणवत होतं.

मग परीक्षा झाली. फरशीवर पाण्यानं भरलेल्या टाक्या रचून नेहमीच्या मालाहून जास्त वजन ठेवलं, आणि मोजणी केली. काही हललं नाही. पुन्हा मोजली. नाही हललं. कोपऱ्यातली भेग भरून निघाली होती, ती पुन्हा उघडली तर लगेच कळावं म्हणून तिच्यावर लावलेली काचेची पट्टी तडकलीसुद्धा नव्हती. मग मशीनं सुरू झाली. हॉल पायरीपायरीनं थंड होत गेला आणि पुन्हा उणे पंचवीसवर आला. फरशीखाली मात्र मशीनचीच उष्णता नव्या नळ्यांतून फिरत होती, आणि मातीत पुरलेले थर्मामीटर सांगत होते की खाली आठ डिग्री आहे. दुसऱ्या आठवड्यात आठ. तिसऱ्याही आठवड्यात आठ. कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसातल्या स्क्रीनसमोर कमलिनी इथल्या कडक, दुधाळ 'करक' चहाचा कप घेऊन उभी राहायची आणि तो आकडा पाहून तिला एखादं गाणं ऐकल्यासारखं बरं वाटायचं.

रॅक पुन्हा उभे राहिले, आणि रमजानला अजून काही दिवस होते तेव्हा ट्रकांची रांग लागली. फुजैलनी सकाळीच सांगितलं होतं की पहिलं पॅलेट मी नेणार. फोर्कलिफ्ट चालवून त्यांना जमाना झाला होता. ते चढले, दाढीवरून हात फिरवला, आणि मधल्या गल्लीत, जिथे इतके महिने दोरी बांधलेली होती, तिथे सुसाट आत गेले. हॉर्न वाजवत. गल्लीच्या शेवटी त्यांनी पॅलेट सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, वळले, आणि पुन्हा हॉर्न वाजवत परत आले. फोर्कलिफ्ट कुठे डुलली नाही, कुठे अडखळली नाही.

"बाय," ते खाली उतरून म्हणाले. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शुक्रवारी धक्क्यावर जेवण झालं. बालाजीच्या टोळीनं पहाटेपासून राबून मटणाचा रस्सा केला होता, कुणीतरी ज्वारीचं पीठ पैदा केलं होतं, आणि एक जण गॅसच्या शेगडीवर भाकऱ्या थापत होता. फुजैलनी घरून सांदणं आणली होती. गजेंद्र चटईवर मांडी घालून बसले होते आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी वाढून घेत होते.

"मालकांचा फोन होता," ते नाक पुसत म्हणाले. "बाजूच्या प्लॉटवर नवीन हॉल बांधताहेत. याच्या दुप्पट. जमीन तीच, सबखा. त्यांनी विचारलं, पायाचं डिझाइन तुमच्याकडे कोण करतं?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?" कमलिनीनं विचारलं.

"म्हटलं, खराडे मॅडम करतात. त्यांचं काँट्रॅक्ट संपत आलंय, थांबतील की नाही ते त्यांनाच विचारा." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तर आता मी विचारून राहिलो. थांबतेस का?"

कमलिनीच्या तोंडात घास होता. तिनं मान हलवली, आधी हळू, मग जोरात, आणि बालाजीनं पातेल्यावर डाव आपटून टोळीला ती बातमी कळवली.

जेवणं झाल्यावर ती एकटीच कुंपणाच्या फटीतून शेजारच्या प्लॉटवर गेली. पांढऱ्या खारट पापुद्र्याची सपाट जमीन, मैलभर पसरलेली, फेब्रुवारीच्या उन्हात चमकणारी. तिनं बुटाची टाच रोवली. पापुद्रा कुरकुरत मोडला आणि खालची माती लोण्यासारखी दबली, टाचेभोवती पाणी जमलं. इतकी कच्ची जमीन. या वेळी मात्र ती आधी आली होती. फरशी, भिंती, थंडी, सगळं यायच्या आधी. जाड खडीचा थर कुठे द्यायचा, मळीचं मिश्रण किती खोल घुसळायचं, नळ्या कशा फिरवायच्या, सगळं तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

मागून बालाजी कुंपणावरून वाकून ओरडला, "म्याडम, मशीन कुठं लावू? आजच खुंटी ठोकून ठेवतो!"

"आज शुक्रवार आहे, बालाजीभाऊ! सुट्टी!"

"जागा तर दावा!"

कमलिनीनं हात लांब केला आणि त्या पांढऱ्या मैदानाच्या अगदी मध्यावर बोट रोखलं.